पाण्यावरचे घर आणि पाण्याखालचे गाव

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा इतिहासविषयक लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा बंगळूर आणि मराठे हा विषय प्रथम मनात आला. शहाजीराजांची जहागीर, राजांचे येथील वास्तव्य, व्यंकोजीराजांचा काळ. ह्या विषयावर आपल्या मंडळात अधिकारी व्यक्तींची व्याख्याने झाली आहेत आणि त्यांत भर घालण्याइतका माझा अभ्यास नाही. मी इतिहास विषय घेऊन बी. ए. झालेला एक केंद्र सरकारी नोकर. फायलींवर टिपणे लिहिण्यात हयात गेली. म्हणून राजेरजवाड्यांना नमस्कार करून, ज्या इतिहासाशी माझा घरचा संबंध आहे, अशा एका गोष्टीविषयी लिहितो. ती गोष्ट आहे कोरड्या मुलखात माणसाने बांधलेल्या सरोवरांची.

निमित्त घडले ते मात्र परदेशात. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही उभयता भाच्याकडे अमेरिकेत गेलो होतो. तो ॲरिझोना राज्यात असतो. त्याने आणि त्याच्या मित्रांनी, म्हणजे एकंदर चार मराठी कुटुंबांनी मिळून, लेक पॉवेल नावाच्या सरोवरावर तीन दिवसांसाठी एक हाउसबोट भाड्याने घेतली होती. हाउसबोट म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काश्मीरचे दल सरोवर उभे राहते. ही त्याहून निराळी. दुमजली, स्वयंपाकघर व शीतकपाट असलेली, गच्चीवरून थेट पाण्यात उतरणारी घसरगुंडी असलेली आणि स्वतःच्या यंत्रावर चालणारी. संध्याकाळी ती वाळूच्या काठाला लावायची, नांगर वाळूत खोल पुरायचे आणि ताऱ्यांखाली झोपायचे. बरोबर एक वेगवान मोटारबोट होती. तिला दोर बांधून, पायांत फळी अडकवून, बोटीमागे उठणाऱ्या लाटेवर उभे राहून धावायचे, ह्या खेळाला वेकबोर्डिंग म्हणतात. भाच्याची बारा वर्षांची मुलगी त्यावर अशी सहज उभी राहत होती, की तिची आजी, म्हणजे माझी थोरली बहीण, प्रत्येक वळणाला डोळे मिटून घेत होती.

सभोवार तांबड्या दगडाचे उभे कडे, वर निळे आकाश, आणि झाड म्हणून नाही. अशा वाळवंटात एवढे पाणी कोठून आले, हा प्रश्न कोणालाही पडावा. त्या कड्यांवर पाण्यापासून बऱ्याच उंचीपर्यंत पांढरा पट्टा उमटलेला होता; दूध उतू गेल्यावर पातेल्याला बसावा तसा. पाणी पूर्वी तेथपर्यंत होते. आम्ही गेलो तेव्हा सरोवर पूर्ण पातळीपेक्षा दीडशे फुटांहून अधिक खाली उतरलेले होते आणि जेमतेम पाव भाग भरलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना नातीने मला विचारले, "आबा, ह्या पाण्याखाली काय आहे हो?" मी काही बोलण्याआधीच बहीण म्हणाली, "कोणाचं तरी माहेर असणार, बाळ." मुलीला काही कळले नाही. मला कळले. हा लेख त्या एका वाक्यातून निघाला आहे.

प्रथम त्या सरोवराची हकीकत सांगतो. कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन येथे ७१० फूट उंचीचे धरण बांधण्यास १९५६ साली आरंभ झाला. मार्च १९६३ मध्ये नदी अडवली गेली आणि सरोवर काठोकाठ भरले ते जून १९८० मध्ये. म्हणजे भरण्यासच सतरा वर्षे लागली. सरोवराला नाव दिले जॉन वेस्ली पॉवेल ह्यांचे. अमेरिकन यादवी युद्धात, १८६२ च्या शायलोच्या लढाईत ह्या गृहस्थाचा उजवा हात गेला. तरी १८६९ साली नऊ सोबती व चार नावा घेऊन त्याने ही नदी पालथी घातली. ग्लेन कॅन्यन हे नाव त्याच्याच प्रवासातले. पुढे १८९३ मध्ये लॉस एंजेलिस येथील पाटबंधारे परिषदेत त्याने उभे राहून सांगितले, की ह्या कोरड्या प्रदेशातल्या साऱ्या जमिनीला पुरेल एवढे पाणी येथे नाही आणि तुम्ही पुढील पिढ्यांसाठी तंटे पेरून ठेवीत आहात. सभेला ते रुचले नाही. १९२२ साली सात राज्यांनी नदीच्या वाटपाचा करार केला, तो नेमक्या भरपूर पावसाच्या वर्षांतले आकडे धरून. ज्याने पाणी अपुरे असल्याचे सांगितले, त्याचेच नाव पुढे त्या सरोवराला लाभले.

आणि पाण्याखाली काय आहे? पुएब्लो लोकांच्या पूर्वजांची वसतिस्थाने, खडकांवर कोरलेली चित्रे. पाणी चढण्याआधी, १९५७ पासून काही वर्षे पुराणवस्तुसंशोधकांनी घाईघाईने ती नोंदवून घेतली. ज्या उपसागरासारख्या विस्तीर्ण भागात आमची बोट फिरत होती, त्याच्या तळाशी नदीचा एक जुना उतार आहे. १७७६ साली दोन स्पॅनिश धर्मगुरूंच्या तुकडीने खडकात पायऱ्या खोदून आपली जनावरे तेथून पार केली होती. आपल्याकडे पुरंदरचा तह झाला, त्याच वर्षीची ही गोष्ट. त्या पायऱ्यांवर आता आमची मुले फळीवर उभी राहून धावत होती.

हे सारे पाहत असताना माझे मन तेथे नव्हते. ते उद्यान एक्सप्रेसच्या खिडकीत होते.

बंगळूरात राहणाऱ्या आपणा सर्वांना ही गाडी परिचित आहे. रात्री येथून निघावे. गुंटकल, रायचूर, वाडी मागे टाकावे. दुसऱ्या दिवशी सोलापूर आले, की फलाटावरची मराठी कानी पडते आणि जीव थोडा खाली बसतो. पुढे कुर्डुवाडी सोडून दौंडच्या दिशेने जाताना, भिगवणच्या आसपास, उजाड माळरानात एकाएकी समुद्रासारखे पाणी दिसू लागते. मुले खिडकीशी धावतात. हेच उजनी धरणाचे जलाशय, कागदोपत्री नाव यशवंत सागर.

माझे आजोळ ह्या पाण्याखाली आहे.

उजनीचा इतिहास थोडक्यात असा. करमाळ्यासह सोलापूर जिल्हा व त्याला लागून असलेला इंदापूर तालुका पर्जन्यछायेत येतात. सह्याद्री ओलांडताना ढग आपले बहुतेक ओझे पश्चिमेकडेच टाकतात आणि येथवर रिकामे पोचतात. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने हा मुलूख होरपळला. १९७२ चा दुष्काळ तर आपल्या पिढीच्या आईवडिलांनी खडी फोडून काढला. भीमा नदी मात्र सह्याद्रीत उगम पावून, मुळा, मुठा, इंद्रायणी, घोड ह्यांचे पाणी घेऊन, ह्याच कोरड्या पट्ट्यातून पुढे पंढरपूरला जाते. ते पाणी अडवावे, हा विचार स्वाभाविक होता. माढा तालुक्यातील उजनीजवळ सुमारे अडीच किलोमीटर लांबीचे धरण बांधून १९८० साली पुरे झाले. म्हणजे लेक पॉवेल प्रथम भरले तेच हे वर्ष. एकंदर साठा ११७ टीएमसी; त्यांतील सुमारे ५४ टीएमसी उपयुक्त आणि उरलेला मृत साठा. येथे टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. उन्हाळ्यात वर्तमानपत्रांतून "उजनी उणे अमुक टक्के" असे छापून येते, ते वाचून परप्रांतीय चक्रावतात. त्याचा अर्थ इतकाच, की टक्केवारी उपयुक्त साठ्यावर मोजतात. तो संपून मृत साठ्यातून पाणी उचलू लागले, की आकडा शून्याखाली जातो.

ह्या धरणाने दिले पुष्कळ. सोलापूर शहर त्याचे पाणी पिते. जेथे एक ज्वारीचे पीक कसेबसे हाती लागे, तेथे ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले, मुले शिकली. आषाढी वारीला चंद्रभागेत पाणी असते, ते पुष्कळदा उजनीतून सोडलेले असते. हे न सांगता दुसरी बाजूच तेवढी सांगणे, हा अप्रामाणिकपणा होईल.

दुसरी बाजू मी सात-आठ वर्षांचा असताना पाहिली. मामांनी घर मोडले, तेव्हा आई मला घेऊन शेवटची म्हणून माहेरी गेली होती. गाव उठत होते. लोक घरांचे दरवाजे, तुळया, कड्या-कोयंडे उतरवून बैलगाड्यांत भरीत होते. भिंती मातीच्या, त्या कोण नेणार? मामींनी चुलीतली राख फडक्यात बांधून घेतली. आईने परसातल्या तुळशीवृंदावनाची एक वीट मागितली. मामा म्हणाले, "अगं, वीट काय करायची आहे?" ती काही बोलली नाही, पण वीट पिशवीत आली. आमच्या सोलापूरच्या घरी ती देवघराखाली पुष्कळ वर्षे होती. नवीन गावठाण काही मैलांवर, रस्त्याकडेला मिळाले. मोबदलाही मिळाला, तो कसा व केव्हा, हा विषय मामांपुढे काढू नये असा घरात अलिखित नियम होता. कायद्याचा विद्यार्थी म्हणून नव्हे, तर सरकारी नोकर म्हणून एवढे सांगतो, की प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदा १९७६ साली झाला. कोयनेचे लोक उठले, तेव्हा एवढेही संरक्षण नव्हते.

पुढे मी नोकरीनिमित्त बंगळूरला आलो आणि आई वर्षातून एकदा तरी माझ्याकडे येऊ लागली. एरवी सोलापूरहूनच गाडीत बसत असल्याने ते पाणी वाटेत लागत नसे. मात्र पुण्याला भावाकडे जायचे असले, की भिगवणजवळ ती खिडकीतून हात बाहेर काढून पाण्याच्या दिशेने एक नाणे टाकी. नदी दिसली की नाणे टाकण्याची आपल्याकडे रीतच आहे. इतर प्रवाशांना त्यात नवल वाटत नसे. मला, कॉलेजात इतिहास शिकून आलेल्या मुलाला, त्याची थोडी लाज वाटे. एकदा मी म्हणालो, "आई, नाणं रुळावरच पडतं. पाण्यात जात नाही." ती म्हणाली, "जाऊ दे न जाऊ दे. माहेरावरून जाताना हात रिकामा नसावा." नंतर मी पुन्हा तो विषय काढला नाही.

गंमत अशी, की रेल्वेमार्गालाही ह्या पाण्याने जागा बदलायला लावली. पुण्याहून दिक्सळपर्यंत लोहमार्ग १८५८ साली आला आणि सोलापूरला १८६० मध्ये पोचला. दिक्सळजवळचा भीमेवरचा जुना दगडी रेल्वेपूल जलाशयामुळे रेल्वेला निरुपयोगी झाला. पुढे कित्येक वर्षे त्यावरून करमाळ्याकडची वाहने जात राहिली. रेल्वेलाही जेथे माघार घ्यावी लागली, तेथे चुलीतली राख बांधून घेणाऱ्या बाईची काय कथा!

आई २०१९ साली गेली. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली उतरली आणि इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे पळसनाथाचे पुरातन मंदिर पाण्याबाहेर आले. एरवी फार तर शिखर दिसावे. त्या वर्षी माणसे चालत जाऊन दर्शन घेऊ लागली. मी आणि बहीण मे महिन्याच्या आरंभी गेलो. आमचे आजोळ त्याहून पुढे, आतल्या अंगाला. मंदिर पाहून आम्ही एका मच्छीमाराची होडी ठरवली. ह्या भागातल्या कित्येक धरणग्रस्त कुटुंबांनी जमीन गेल्यावर मासेमारी धरली. भिगवणचा मासळीबाजार त्यातूनच मोठा झाला. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, तेव्हा हीच माणसे पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवतात. होडीवाला तिशीतला होता. त्याने गाव कधी पाहिलेले नव्हते, पण आजोबांनी शिकवलेल्या खुणांवरून तो नेमके सांगत होता: "इथं चावडी. इथं वेस. तुमच्या मामांचा वाडा हितं, ह्या वल्ह्याखाली." बहिणीने पिशवीतून ती वीट काढली. तिने ती बरोबर आणली आहे, हे मला ठाऊक नव्हते. तिने ती पाण्यात सोडली आणि आम्ही परतलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २१ मे २०२४ रोजी, कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात ह्याच जलाशयात उलटली आणि सहा जण बुडाले. ती सहल नव्हती. जुने रस्ते पाण्याखाली गेल्यामुळे करमाळ्याकडच्या लोकांना इंदापूरकडे यायचे, तर एकतर लांबचा वळसा किंवा होडी. आपण मौजेसाठी जलाशयावर जातो, तेव्हा त्याच पाण्यावर कोणी बाजाराला, कोणी सोयरिकीला, कोणी दवाखान्यात निघालेले असते, हे त्या बातमीने माझ्या मनावर कायमचे कोरले.

जलाशयाखाली गेलेल्या गावांचा प्रश्न उजनीपासून सुरू झालेला नाही. पुणे जिल्ह्यातील मुळशी खोऱ्यात टाटांच्या वीजप्रकल्पासाठी जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह पुकारला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्यात अग्रभागी होते. बापटांना 'सेनापती' ही उपाधी ह्याच लढ्याने दिली. बायाबापड्या तुरुंगात गेल्या. धरण झाले ते झालेच. आज त्याच काठावर पुण्याची मंडळी शनिवार-रविवार हवा खायला जातात. कोयनेच्या शिवसागरात तापोळा, बामणोली येथे यांत्रिक बोटी धावतात. तेथे जाऊ नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. मीही गेलो आहे.

आपण जेथे राहतो, त्या कर्नाटकातही असे एक सरोवर आहे आणि ते पाहण्यास फार लांब जावे लागत नाही. चित्रदुर्ग जिल्ह्यात, हिरियूरजवळ, वेदावती नदी दोन डोंगरांच्या खिंडीतून जाते. त्या खिंडीला मारी कणिवे म्हणतात, तेथल्या मारम्मा देवीवरून. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने म्हैसूर संस्थानात लाखो माणसे मेली. त्या आठवणीच्या छायेत, दिवाण शेषाद्री अय्यर ह्यांच्या कारकिर्दीत, १८९८ साली येथे धरणाचे काम सुरू झाले व १९०७ मध्ये पुरे झाले. त्या वेळी राज्याचा कारभार पाहणाऱ्या राजमातेच्या बिरुदावरून ते वाणीविलास सागर झाले. क्षमता ३० टीएमसी. पण मुलूख इतका कोरडा, की १९३३ साली ते काठोकाठ भरून वाहिले आणि त्यानंतर थेट सप्टेंबर २०२२ मध्ये. मधली एकोणनव्वद वर्षे लोक सांडव्याकडे पाहत राहिले. जानेवारी २०२५ मध्ये ते पुन्हा भरले, तेव्हा मंडळातील काही कुटुंबे मिळून आम्ही तेथे गेलो. सांडव्यावरून पाणी पडताना पाहून एक वृद्ध कन्नड शेतकरी हात जोडून उभा होता. मी त्याला माझ्या मोडक्या कन्नडमध्ये विचारले, की आपले शेत खालच्या बाजूला का? तो म्हणाला, खालच्या बाजूला शेत, आणि आजोबांचे शेत वरच्या बाजूला, पाण्यात. देणारा आणि घेणारा एकाच घरात होता. तो हात जोडीत होता ते कोणत्या शेतासाठी, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

सरकारी नोकरीत एक गोष्ट हाडीमासी खिळते. जमा दाखवली, की खर्चही दाखवावा लागतो. धरणांच्या बाबतीत जमेची बाजू आपण ठळक अक्षरांत लिहिली: इतके एकर ओलित, इतकी वीज, इतके टीएमसी. खर्चाच्या बाजूला "बुडीत क्षेत्र" असे दोन शब्द लिहून पान उलटले. अमेरिकेतल्या त्या सरोवरातही पाणी उतरल्यावर बुडालेल्या घळी, कमानी पुन्हा वर येऊ लागल्या आणि लोक त्यांना पाहायला गर्दी करू लागले. ते बुडण्याआधी कोणीतरी मोजदाद करून ठेवली होती, म्हणून काय वर आले ते ओळखता तरी येते. आमच्या आजोळची नोंद मात्र एका होडीवाल्याच्या स्मरणात आहे.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगी एक विनंती करतो आणि लेख संपवतो. आपले मंडळ पन्नास वर्षांचे झाले, म्हणजे जवळजवळ उजनीच्याच वयाचे. मंडळाच्या सभासदांत उजनीचे, कोयनेचे, मुळशीचे, अलमट्टीचे लोक आहेत. काही कुटुंबे तर गाव गेले म्हणूनच शहराकडे वळली आणि शहरातून येथे आली. त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी बसून गावाचा एक साधा आराखडा काढावा: वेस कोठे, पाणवठा कोठे, ग्रामदैवत कोणते, जत्रा कोणत्या तिथीला, कोणाची आळी कोणत्या बाजूला. एक वही पुरे. मंडळाच्या ग्रंथालयात अशा वह्यांसाठी एक कपाट ठेवण्याची जबाबदारी मी घेतो. पहिली वही माझ्या आजोळची. मामा आता नव्वदीला टेकले आहेत आणि गेल्या दिवाळीत त्यांनी, इतक्या वर्षांनी, स्वतःहून बोलायला सुरुवात केली आहे.

अमेरिकेहून नातीचे पत्र आले आहे. पुढच्या सुट्टीत ती येथे येणार असून तिला 'आबांचे सरोवर' पाहायचे आहे. तेथे फळीवर उभे राहता येईल का, असे तिने विचारले आहे. मी कळवले, की ते काही जमणार नाही. पण होडी मिळेल, होडीवालाही मिळेल. येताना एक नाणे मात्र घेऊन ये.